‘जगात फक्त इथेच’ आढळणारं वटवाघूळ खरंच फक्त इथेच आढळतं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा म्हादईच्या पाण्यावरून. कळसा-भांडुरा प्रकल्प, गोवा आणि कर्नाटकातला तंटा, लवाद, मग सर्वोच्च न्यायालय. या बातम्यांच्या शेवटी जंगलाचं महत्त्व सांगायला एक वाक्य जोडलेलं असतं: याच अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत जगात इतर कुठेही न आढळणारं दुर्मिळ वटवाघूळ राहतं.

वाक्य वाचून दोन प्रश्न पडतात. उडता येणारा प्राणी एकाच गुहेला का चिकटून राहील? आणि जगात इतर कुठेही नाही, हे कुणी आणि कसं ठरवलं?

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अभ्यासकांना या वटवाघळाची एवढीच एक वसाहत माहीत होती, त्यामुळे तेव्हा ते वाक्य चालून जात होतं. आता ते चुकीचं आहे. पण ‘चुकीचं आहे’ एवढं म्हणून थांबलं तर दुसरी आणि जास्त महागात पडणारी चूक होते. ‘सापडतं की आणखी कुठेतरी, मग या गुहेचं एवढं काय’ असं लोक म्हणू लागतात. म्हणून जरा मुळापासून पाहू.

हे वटवाघूळ कोणतं?

भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. वडापिंपळावर दिवसभर उलटी टांगलेली, संध्याकाळी फळांच्या शोधात निघणारी मोठी वटवाघळं आपल्या ओळखीची असतात. आपण बोलतोय ते त्यांच्यातलं नाही. हे किडे खाणारं आहे, आकाराने मध्यम, आणि त्याचं शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली. तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा आहे. पाहणी दक्षिणेकडे सरकली आणि १९१२ मध्ये तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून काही वटवाघळं गोळा झाली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्यावर तिथले प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये नवी जात म्हणून त्यांचं वर्णन केलं. मुंबई इलाख्यात वनखात्यात नोकरी केलेले आणि या पाहणीमागे मोठा हात असलेले रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचं नाव तिला मिळालं.

एकदा पाहिलं तर हे वटवाघूळ विसरणं कठीण. कान प्रचंड मोठे, कपाळावर एका पडद्याने एकमेकांना जोडलेले आणि थेट नाकावर पुढे झुकलेले. समोरून पाहिलं तर कानांच्या छपराखालून एक थोबाड डोकावतंय असं वाटतं. पाठ गडद तपकिरी, मानेमागे फिकट राखाडी पट्टा, कुशीच्या कडेने बारीक पांढरी रेघ. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांची शेपटी मागच्या पायांमधल्या पडद्यात गुंतलेली असते. या कुळात ती पडद्याबाहेर मोकळी लोंबते, म्हणून ही ‘मोकळ्या शेपटीची’ वटवाघळं. पंख लांब आणि अरुंद. पंखांचा हा आकार लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यातून निघतात.

‘राहतं’ म्हणजे नेमकं कुठे?

दोन शब्द समजून घेऊ. प्राण्याला जगायला जशी जागा लागते, ती त्याचा अधिवास. आणि नकाशावर तो जिथे जिथे असतो, तो सगळा प्रदेश म्हणजे त्याचं आढळक्षेत्र. अधिवास म्हणजे ‘कशी जागा’, आढळक्षेत्र म्हणजे ‘कुठे कुठे’.

वटवाघळांच्या बाबतीत ‘कशी जागा’ हाच प्रश्न दुहेरी होतो. कर्जतहून रोज लोकलने चर्चगेटला येणारा चाकरमानी घ्या. तो कुठे राहतो? शिधापत्रिकेवर कर्जत. पण दुपारी बारा वाजता त्याला शोधायला कर्जतला गेलात तर दाराला कुलूप. त्याचं पोट चर्चगेटला भरतं, आणि मधली लोकल बंद पडली तर घर आणि कचेरी दोन्ही शाबूत असूनही त्याची पंचाईत होते. वटवाघळाचं असंच असतं. दिवसाचा मुक्काम गुहेत, रात्रीची शिकार भलतीकडे, आणि या दोन्हींना जोडणारा हवेतला रस्ता.

मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांमध्ये हे अंतर मोठं असू शकतं. लांब अरुंद पंख वेगाने, उंचावरून, सरळ रेषेत उडायला बनलेले असतात. झाडीच्या आत गिरक्या घेत किडे टिपणं या पंखांना जमत नाही. त्यामुळे ही मंडळी झाडांच्या शेंड्यांच्याही वर, मोकळ्या आभाळात शिकार करतात. गुहा भीमगडच्या दाट जंगलात असली तरी तिच्यातलं वटवाघूळ रात्री कुणाच्या तरी भातशेतीवर पतंग पकडत असेल. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर, पण त्याची हद्द रात्रीच्या आभाळात कुठेच आखलेली नसते.

म्हणजे ‘बारापेडेत राहतं’ यातून आपल्याला फक्त कर्जतचा पत्ता कळतो.

डोंगर गुहांनी भरलाय, मग हीच का?

गुहा म्हटली की आपल्याला दगडातलं एक भोक दिसतं. वटवाघळाच्या दृष्टीने दोन गुहांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दौलताबादच्या किल्ल्यावर ‘अंधारी’ नावाचा भुयारी रस्ता आहे. बाहेर एप्रिलचं ऊन अंग भाजत असताना आत चार वळणं गेलं की हवा बदलते. ओलसर, जड, कोमट, आणि नाकात बसणारा अमोनियाचा उग्र दर्प. हात वर करून मोबाइलचा उजेड पाडला की छताच्या खोबणीत दाटीवाटीने लटकलेली वटवाघळं कुरकुरायला लागतात. पण लक्ष देऊन पाहिलं तर ती सगळीकडे नसतात. छताचा एक भाग गच्च भरलेला आणि त्याच्या लगतचा भाग साफ रिकामा. (उजेड लगेच बंद करावा. का, ते पुढे येईलच.)

याचं कारण हवेत आहे. गुहेच्या खोल भागातलं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं आणि ते त्या परिसराच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास असतं. तोंडापासचा भाग मात्र बाहेरच्या हवेबरोबर तापतो आणि गार होतो. छतात वरच्या बाजूला खळगा असेल तर वर चढलेली गरम हवा तिथे अडकून राहते. म्हणजे एकाच गुहेत, हाताच्या अंतरावर, वेगवेगळं हवामान सापडतं.

एवढ्याशा फरकाने काय होतं? लहान प्राण्याच्या शरीरातली उष्णता लवकर निघून जाते, त्यात वटवाघळाला पंखांची भलीमोठी उघडी कातडी असते. हवा कोरडी असेल तर त्या कातडीतून पाणी उडून जातं. फार थंड असेल तर रात्री कमावलेली ऊर्जा दिवसा नुसतं ऊब धरून ठेवण्यात खर्च होते. पिल्लं असतील तर सगळंच आणखी नाजूक, कारण जन्माला आलेलं पिल्लू उघडं असतं आणि आई शिकारीला गेल्यावर त्याला बाकीच्या पिल्लांच्या आणि दगडाच्या उबेवरच तग धरायचा असतो.

आपल्या पाहुण्याची त्याशिवाय एक खास अट असते, आणि ती पंखांवरून येते. लांब अरुंद पंखांच्या वटवाघळाला जागच्या जागी उडी मारून उडणं जड जातं. त्याला आधी खाली झोकून द्यावं लागतं, पडता पडता वेग पकडावा लागतो, मग पंख हवा धरतात. म्हणजे छताखाली पुरेशी मोकळी उंची हवी, खालून पटकन चढून येणारा शत्रू नको आणि तोंड वेगाने बाहेर पडण्याइतकं खुलं हवं. हे वटवाघूळ उघड्या छतापेक्षा छतातल्या फटी, पोकळ्या पसंत करतं, तेव्हा योग्य मापाच्या पोकळ्याही हव्यात. या सगळ्या अटी लावून डोंगर चाळायला घेतलात तर ‘गुहांनी भरलेला’ डोंगर भराभर रिकामा होत जातो.

एवढं असूनही बारापेडेची वसाहत कधी मोठी नव्हती. वेगवेगळ्या काळात गेलेल्या अभ्यासकांना काही डझन ते शंभराच्या आसपास प्राणी दिसले. याच कुळातल्या अमेरिकन भाईबंदांची टेक्सासमधल्या ब्रॅकन गुहेतली उन्हाळी वसाहत दीड-दोन कोटींच्या घरात जाते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मुक्काम आणि खुराक यांची भट्टी जमली तर काय होतं ते दिसतं. आपल्याकडे ती का जमली नाही, हे अजून कुणालाच धड सांगता आलेलं नाही.

मग मेघालय कुठून आलं?

साधारण नव्वद वर्षं नकाशावर एकच ठिपका होता. मग २००० साली कंबोडियाच्या उत्तरेकडच्या प्रेह विहेअर प्रांतात एका जाळ्यात एक वटवाघूळ अडकलं. तपासलं तर ओटोमॉप्स रॉटनी! पाठोपाठ मेघालयात पूर्व खासी टेकड्यांमधल्या नाँगत्राई गावाजवळच्या गुहेतून नोंद आली, आणि पुढे जयंतिया टेकड्यांतल्या गुहांमध्येही वसाहती सापडल्या.

बारापेडे ते मेघालय अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. मेघालयापासून कंबोडियातलं ते ठिकाण जवळपास तेवढंच पुढे. आढळक्षेत्र एका रात्रीत एका गुहेवरून अर्ध्या आशियावर पसरलं. प्राणी अर्थातच जागचे हलले नव्हते, माणसं तिथे उशिरा पोचली एवढंच.

कंबोडियातल्या नोंदीने आणखी एका समजाला धक्का दिला. बारापेडे आणि मेघालय, दोन्ही भरपूर पावसाचे प्रदेश, त्यामुळे या वटवाघळाला दाट ओलं जंगलच लागतं असं वाटे. कंबोडियात ते सापडलं कोरड्या पानगळीच्या जंगलात. एका प्राण्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण ‘सदाहरित जंगलाचं वटवाघूळ’ हे लेबल आता सैल पडलं आहे, असं माझं मत आहे. मुक्कामाच्या अटी कडक आणि खाण्याच्या जागेबद्दल बरीच मोकळीक, असा हा प्राणी दिसतो.

त्याची आफ्रिकेतली भावंडं पाहिली तर हा संशय बळावतो. तिथली ओटोमॉप्स वटवाघळं केनियातल्या सुस्वा डोंगराच्या लाव्हाच्या गुहांत राहतात, आणि दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन शहरात ओटोमॉप्स मार्टिएनसेनी ही जात चक्क घरांच्या छपरांत राहते. उंची, ऊब आणि बाहेर झेपावायची सोय मिळाली की झालं. आपल्या जातीने मात्र घराचं छप्पर धरल्याची नोंद नाही.

मधले दोन हजार किलोमीटर रिकामे कसे?

सह्याद्रीत आहे, ईशान्येत आहे, मध्ये काहीच नाही. असं चित्र फक्त या वटवाघळाचं नाही. डोंगरी ओढ्यांतले काही मासे, मोठा धनेश असे बरेच प्राणी पश्चिम घाटात आणि ईशान्य भारतात आहेत आणि मधल्या पठारावर नाहीत. १९४० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी यावर एक कल्पना मांडली. पूर्वी हवामान जास्त ओलं असताना सातपुड्याच्या रांगांवरून हे प्राणी ईशान्येकडून सह्याद्रीपर्यंत आले आणि मग मधला पूल सुकून गेला. ‘सातपुडा गृहीतक’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. ती सगळ्यांना पटली असं नाही, पण प्रश्न खरा आहे.

आपल्या वटवाघळाला हे लागू पडतं का? मला घाई करावीशी वाटत नाही, कारण इथे दुसरं, जास्त साधं कारण समोर आहे: त्याला शोधण्याची आपली पद्धत.

वटवाघळं पकडायची नेहमीची रीत म्हणजे दोन काठ्यांमध्ये बारीक धाग्याचं जाळं ताणायचं, ओढ्यावर किंवा पायवाटेवर. जाळं जमिनीपासून फार तर दोन-चार मीटर उंच जातं. हे वटवाघूळ शेंड्यांच्या वरून जातं. म्हणजे एखाद्या जंगलात जाळी लावून, वर्षानुवर्षं यादी करूनही ते यादीत येणार नाही, आणि यादी वाचणारा समजणार की इथे ते नाहीच. उरला दुसरा मार्ग, गुहेत जाऊन बघणं. पण सह्याद्रीत कड्याच्या पोटात, जिथे दोर लावल्याशिवाय माणूस पोचत नाही अशा किती कपारी आहेत! आणि हीच जागा त्याला सोयीची.

नकाशावरच्या ठिपक्यांचा आणखी एक घोटाळा असतो, ओळखीचा. १९४८ मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळं खाणारं वटवाघूळ मिळालं. ते एका सर्रास आढळणाऱ्या जातीचं समजून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात ठेवलं गेलं. पुढे थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना नीट तपासला आणि १९७२ मध्ये ती स्वतंत्र जात निघाली. तीच आज सलीम अलींच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे जवळपास पाव शतक ती मुंबईत, कपाटात, चुकीच्या चिठ्ठीखाली होती. आढळक्षेत्राचा नकाशा प्राण्यांइतकाच माणसांच्या वाटचालीचाही असतो.

‘अतिसंकटग्रस्त’ शिक्का निघाला, म्हणजे धोका टळला ना?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची लाल यादी असते, तिथे प्रत्येक जातीला धोक्याचा एक वर्ग दिला जातो. एकच गुहा माहीत होती तेव्हा रॉटनचं वटवाघूळ ‘अतिसंकटग्रस्त’ होतं. मेघालय आणि कंबोडियाच्या नोंदी आल्यावर, २००८ पासून, ते ‘अपुरी माहिती’ या वर्गात आहे.

या वर्गाचा अर्थ फार वेळा उलटा लावला जातो. ‘अपुरी माहिती’ ही ‘संकटग्रस्त’च्या खालची पायरी नाही. ती पायऱ्यांच्या बाहेर आहे. संख्या किती, घटते की वाढते, आढळक्षेत्र किती सलग, हे ठाऊक नसल्याने निकाल राखून ठेवला आहे एवढंच त्यातून कळतं. पण सरकारी कागदावर, खाणीच्या परवानगीच्या फायलीत, पर्यावरण परिणामांच्या अहवालात हा वर्ग आला की वाचणारा सुटकेचा निःश्वास टाकतो.

भारतापुरतं सांगायचं तर कायदा या बाबतीत पुढे राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-हत्तींच्या पंक्तीत, कित्येक वर्षं दोनच वटवाघळं होती: हे, आणि आत्ताच सांगितलेलं सलीम अलींच्या नावाचं. त्याच कायद्यात फळं खाणारी बाकीची वटवाघळं उंदीर-घुशींबरोबर ‘उपद्रवी’ यादीत होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, गेली.

शोधलं तर आणखी गुहा सापडतील, मग एका गुहेसाठी एवढा आटापिटा का?

सगळ्यात बिनतोड वाटणारा आक्षेप हा. सापडतीलही. पण त्याने बारापेडेचं वजन कमी होत नाही, आणि याचं कारण वटवाघळांच्या संसारात आहे.

उंदराएवढ्या प्राण्याची वीण उंदरासारखी असेल असं आपण धरून चालतो. वटवाघळाची मादी बहुधा वर्षाला एकच पिल्लू देते. वसाहतीतली अर्धी वटवाघळं एका उन्हाळ्यात मेली तर ती भरून यायला कितीतरी वर्षं लागतात, आणि तीही मध्ये दुसरं संकट आलं नाही तर. शिवाय ती पिढ्यानपिढ्या त्याच मुक्कामाला परत येतात. आता मेघालयातली वसाहत भरभराटीला आली तरी तिथून दोन हजार किलोमीटर उडून कुणी बारापेडे भरायला येणार नाही. सह्याद्रीपुरती माहीत असलेली वसाहत गेली की सह्याद्रीपुरतं वटवाघूळ गेलं, असंच धरून वागणं शहाणपणाचं.

शिवाय ज्या मेघालयाच्या भरवशावर आपण निर्धास्त व्हायचं, तिथे काय चाललंय? जयंतिया टेकड्या चुनखडीच्या आहेत. चुनखडी पाण्याने झिजते म्हणून तिथे दक्षिण आशियातल्या सर्वात लांब नैसर्गिक गुहा तयार झाल्या. क्रेम लिआत प्राह ही त्यातली एकच तीस किलोमीटरहून लांब आहे. पण याच चुनखडीपासून सिमेंट होतं. ज्या दगडाने गुहा दिली तोच दगड खाणीला हवा असतो, त्यामुळे तिथली वटवाघळं आणि सिमेंटचे कारखाने एकाच डोंगरासाठी समोरासमोर आहेत.

एका गुहेवर जात टेकून राहिली तर काय होतं, याचं उदाहरण फार लांब नाही. कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात पानासारख्या नाकाचं एक वटवाघूळ आहे, त्याचं वर्णन १९९४ मध्ये झालं. आधी ते शेजारशेजारच्या दोन गावांच्या गुहांत होतं. तेरहळ्ळीची वसाहत नाहीशी झाली. आता हनुमनहळ्ळीची एक गुहा उरली, तिथले दोनशेच्या आतले प्राणी, आणि भोवती ग्रॅनाइट फोडण्याचा धंदा. सुरुंगाचा हादरा गुहेच्या दारात व्हायची गरज नसते, छताला एक तडा गेला तरी आतली हवा बदलते. तिथे खाणकाम थांबवून गुहेभोवतीची जमीन राखली गेली.

बारापेडेला खाणीचा नाही तर माणसांच्या वर्दळीचा त्रास जास्त होण्यासारखा आहे. गिर्यारोहक, भाविक, फोटो काढणारे, ‘गुप्त गुहा’ म्हणून व्हिडिओ टाकणारे. आत शिरलेल्या माणसाला वाटतं, मी कुठे कुणाला हात लावला? पण विजेरीच्या उजेडाने दिवसा जागी होऊन उडालेली वटवाघळं साठवलेली ऊर्जा जाळतात, आणि पिल्लांचा हंगाम असेल तर घाबरलेल्या आईच्या अंगावरून निसटलेलं पिल्लू खाली पडतं. पडलेल्या पिल्लाला परत वर चढवणं क्वचितच जमतं.

मग तोंडाला जाळी बसवा, नाहीतर दुसरीकडे नेऊन सोडा!

दोन्ही सूचना चांगल्या मनाने येतात. गुहेच्या तोंडाला आडवे गज बसवून माणसं अडवायची आणि वटवाघळं सोडायची, ही युक्ती काही देशांत काही जातींसाठी चालली आहे. हळू उडणारी, हवेत वळणं घेणारी वटवाघळं गजांमधून जातात. वेगाने सरळ झेपावणाऱ्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांना ते अडचणीचं होतं, काही वेळा ती मुक्कामच सोडून जातात. त्यापेक्षा वाटेवरच माणूस अडवणं बरं. बारापेडे २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे, तेव्हा त्यासाठीचा अधिकार वनखात्याकडे आहेच.

नेऊन सोडण्याबद्दल थोडक्यात: नवी गुहा त्यांना पसंत पडेल याची खात्री नाही, पडली नाही तर ती उडून जातील. झाड उपटून लावता येतं तशी वसाहत लावता येत नाही.

आणि आजारांचं काय?

करोनानंतर हा प्रश्न विचारला जाणारच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून गोळा केलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं होतं, तेव्हा बरीच खळबळ उडाली. ती वटवाघळं वेगळ्या जातींची होती. पण तेवढ्यावर वाद मिटवू नये. कोणत्याही वटवाघळात विषाणू असू शकतात, आणि साचलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसांचा बुरशीजन्य आजारही होऊ शकतो.

यातून गुहा जाळून टाकावी, धूर करावा असं काही जण सुचवतात. त्याने उलटंच होतं. उधळलेली वटवाघळं पांगतात, घाबरलेली आणि अशक्त होतात, आणि माणसांच्या जास्त जवळच्या जागा धरतात. विषाणूच्या भीतीने आणि वटवाघळांच्या काळजीने विचार केला तरी सल्ला एकच निघतो: गुहेत जाऊ नका.

आत न जाता शोधणार कसं?

कान लावून. अंधारात वाट आणि शिकार शोधायला वटवाघळं आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. बहुतेक जातींचे आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचे, २० किलोहर्ट्झच्या वरचे असतात. उंच मोकळ्या हवेत उडणाऱ्यांना मात्र लांबवरचं ‘दिसावं’ लागतं, आणि बारीक आवाज हवेत लवकर विरतो. म्हणून ते खालच्या पट्टीत बोलतात. रॉटनच्या वटवाघळाचा आवाज १५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तरुण कानांना तो टिकटिक केल्यासारखा ऐकू येऊ शकतो.

वटवाघळांचे आवाज टिपणारी यंत्रं आता आपल्याकडेही वापरात आहेत, आणि गेल्या दशकात भारतातल्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांचे आवाज वेगवेगळे ओळखण्याचं कामही झालं आहे. यंत्र रात्रभर कड्यावर ठेवलं की जाळ्याच्या वरून जाणारी वटवाघळंसुद्धा नोंदली जातात. आंबोलीपासून खाली चोर्ला, कॅसलरॉकपर्यंतचा पट्टा यासाठी मला सगळ्यात आशेचा वाटतो. डोंगर, पाऊस, कपारी सगळं तेच, मध्ये फक्त राज्यांच्या सीमा.

यात एक अडचण अशी की याच कुळातल्या दुसऱ्या जातीही खालच्या पट्टीत बोलतात, म्हणून नुसत्या कानाने नाव ठेवता येत नाही, आवाजाचा आलेख काढावा लागतो. पण पहिला सुगावा लागायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. आवाज इतका खालचा आहे की चांगला साधा रेकॉर्डरही तो पकडू शकतो. संध्याकाळी कड्यावरून वेगाने, उंच, सरळ उडणारी मोठी कीटकभक्षी वटवाघळं दिसली आणि टिकटिक ऐकू आली, तर बाहेरूनच रेकॉर्डिंग करा, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा, आणि ते वनखात्याला किंवा वटवाघळांच्या अभ्यासकांना कळवा. समाजमाध्यमांवर मात्र गुहेचा नेमका पत्ता टाकू नका.